२ डिसेंबर नक्की कुणासाठी असतो, एवढं तरी मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून टाकतो. कापायचं तर खुशाल कापा, पण मधला टाकीचा भाग तेवढा ठेवा, कारण मी ३४ वर्षं केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी केलेला माणूस आहे आणि ज्यातलं मला खरंच कळतं असं या पत्रात तेवढंच आहे, बाकी सगळी म्हाताऱ्याची बडबड समजा.

झालं असं की गेल्या डिसेंबरात माझी नात (सहावीत आहे) शाळेच्या स्पर्धेसाठी पोस्टर काढत बसली होती. मधोमध पृथ्वीचा गोळा, त्याच्या तोंडात थर्मामीटर, डोळ्यात पाणी, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीवर लाल फुली, वर झाड. चित्र छान काढते ती, त्याबद्दल तक्रार नाही. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन, २ डिसेंबर'. मी सहज विचारलं, २ डिसेंबरच का गं? तर म्हणाली, "असंच असेल आजोबा, डे असतात ना वेगवेगळे." मी म्हटलं टीचरना विचार उद्या. विचारलंन तिने. टीचर म्हणाल्या की परिपत्रक आलंय, त्या दिवशी स्पर्धा घ्यायची आहे. टीचरचा दोष नाही हो, त्यांचा जन्मच मुळी त्यानंतरचा असणार.

आणि त्याच सकाळी आमच्या जुन्या कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने गुलाबाच्या फुलांचं चित्र टाकलं, त्यावर 'राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छा! आणि खाली सतरा जणांचे नमस्काराचे हात. हे सगळे केमिकलमध्ये आयुष्य घालवलेले लोक. मी लिहिलं, अरे ही पुण्यतिथी आहे, शुभेच्छा कसल्या देताय. पाच मिनिटं ग्रुप एकदम गप्प. मग एकाने लिहिलं, 'भोपाळ ना?' तेव्हा कुठे बाकीच्यांना आठवलं.

तर हो, भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. त्या रात्री जी माणसं गेली त्यांच्या आठवणीसाठी आपल्या देशाने हा दिवस ठेवलाय, आणि त्याला नाव असं दिलंय की त्यात ना भोपाळ आहे, ना माणसं आहेत, ना मरण आहे. प्रदूषण नियंत्रण. जणू काही एखाद्या खात्याचा वर्धापनदिन. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे जे लिहितोय ते त्याचंच लांबण.

आता टाकीचं. भोपाळला युनियन कार्बाइडच्या भारतातल्या कंपनीचा कारखाना होता, सेविन नावाचं कीटकनाशक बनायचं तिथे. त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट लागायचं, कामगारांच्या भाषेत एमआयसी. हे द्रव ३९ अंशाला उकळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलं तर आपसूक वाफ होईल, आणि पाण्याशी गाठ पडली की तापतं, आणि तापलं की अजून जोरात तापतं. म्हणून ते थंड ठेवायचं, शून्य अंशाच्या आसपास, आणि पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही. त्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत असा ४० टनांच्या वर माल होता आणि त्यात पाणी गेलं. कसं गेलं यावर कंपनीचं म्हणणं वेगळं (कुणीतरी मुद्दाम सोडलं) आणि कामगारांचं वेगळं (पाईप धुवायचं काम चाललं होतं आणि त्याआधी लाइनमध्ये ब्लाइंड प्लेट, म्हणजे पाणी पुढे जाऊ नये म्हणून पाईप बंद करणारी चकती, टाकलीच नव्हती). मी तिथे नव्हतो त्यामुळे मी निवाडा करणारा कोण, पण ज्याने कुणी प्लांटमध्ये रात्रपाळी केलीये त्याला दुसरी गोष्ट ऐकल्यावर पोटात गोळा येतो, कारण ब्लाइंड न टाकता काम सुरू झालेलं त्याने कधी ना कधी बघितलेलं असतंच.

पण पाणी गेलं म्हणून काही इतकी माणसं मरत नाहीत हो. त्याच्या पुढे चार-पाच गोष्टी असतात ज्या नेमक्या अशाच वेळेसाठी बसवलेल्या असतात. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन युनिट, ते जून १९८४ पासून बंद होतं. वायू सुटलाच तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन काढणारा स्क्रबर, तो चालू स्थितीत नव्हता. उरलासुरला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर, त्याचा पाईपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला. पाण्याचे फवारे होते, पण वायू जितक्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथपर्यंत ते पोचतच नव्हते. कारखाना तोट्यात होता, माल खपत नव्हता, माणसं कमी केली होती, एमआयसी युनिटवर पूर्वी पाळीला १२ जण असायचे तिथे ६ उरले होते. तुम्ही म्हणाल काका ही यादी कशाला, ही सगळी नंतरच्या चौकश्यांमधून बाहेर आलेली माहिती आहे, कुठेही मिळते. मिळते ना, पण सहावीच्या मुलीला कुणी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

आणि एक गोष्ट मला इतकी वर्षं झोपू देत नाही. रात्री ११ च्या सुमाराला त्या टाकीचं प्रेशर चढलेलं दिसलं होतं, पण मीटर नेहमीच काहीबाही दाखवायचे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागले, कुठेतरी गळती आहे हे कळलं, आणि ठरलं की चहा झाल्यावर बघू. नंतर पत्रकारांनी कामगारांशी बोलून हे लिहिलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. डोळे चुरचुरणं हे आमच्या धंद्यात रोजचं होतं, मीही चहाच घेतला असता. रोज चुरचुरतात म्हणून आजही चुरचुरत असतील, हाच तर सगळा घोळ आहे.

साडेबारा-एकपर्यंत वायू बाहेर. थंडीची रात्र, वायू हवेपेक्षा जड, वर न जाता जमिनीलगत पसरत गेला. कारखान्याच्या समोरच जयप्रकाश नगरची वस्ती, पलीकडे रेल्वे स्टेशन, मग जुनं शहर. लोकांसाठीचा भोंगा थोडाच वेळ वाजला आणि बंद केला गेला, मोठ्याने परत वाजला तो रात्री दोनच्या सुमाराला, तोवर लोक रस्त्यावर पळत होते. आणि पळाले म्हणून जास्त गेले. पळताना माणूस खोल श्वास घेतो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे निघा, एवढी दोन वाक्यं जर त्या वस्त्यांमध्ये आधी कुणी कधी सांगितलेली असती तर कितीतरी माणसं वाचली असती. दोन वाक्यं. हमीदिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांना हेसुद्धा नीट कळत नव्हतं की आपण नक्की कुठल्या विषावर उपचार करतोय. स्टेशनवर रेल्वेची माणसं जागेवर थांबली, गाड्यांचं बघितलं, त्यातली काही ड्यूटीवरच गेली.

हे अचानक झालं असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन नावाच्या विषारी वायूने एक कामगार गेला होता. राजकुमार केसवानी नावाच्या तिथल्याच पत्रकाराने १९८२ मध्ये स्वतःच्या छोट्याशा साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहिले की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय, आणि १९८४ च्या जूनमध्ये परत लिहिलं, मोठ्या पेपरात. कुणी ऐकलं नाही.

मी तेव्हा २३ वर्षांचा, नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. ३ तारखेला रेडिओवर बातमी आली तेव्हा आकडा फारसा कळत नव्हता, पेपरात फोटो आले ते त्याच्या पुढच्या दिवशी. आमच्याकडे एमआयसी नव्हतं पण क्लोरीन होता, आणि स्क्रबर आमच्याकडेही होता. त्या आठवड्यात आमच्या शिफ्ट इन्चार्जने रात्री दोन वाजता सगळ्यांना खाली बोलावलं आणि म्हणाला चला आपला पंप चालू करून बघू. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मोटर नुसती घुरघुरली, शाफ्ट जाम होता. लॉगबुकमध्ये मात्र दर पाळीला 'स्क्रबर ओके' लिहिलेलं होतं आणि त्यातल्या काही सह्या माझ्या होत्या. मी न बघता केलेल्या. का, तर माझ्या आधीच्याने ओके लिहिलेलं असायचं म्हणून. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर सही कंपनीची नव्हती, माझी होती. इन्चार्ज रागावला नाही, त्याने फक्त लॉगबुक माझ्यासमोर धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

मला वाटतं आठवण ठेवणं हे असं असतं. दोन मिनिटं मान खाली घालण्यापेक्षा त्या रात्री पंप चालू करून बघणं.

आकड्यांचं बोलायला पाहिजे कारण त्यातही गंमत आहे, वाईट अर्थाने गंमत. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. मग मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ म्हटलं. नुकसानभरपाईच्या दाव्यांमध्ये मृत्यू म्हणून मान्य झाले ते ५,२९५. भोपाळमधल्या संघटना म्हणतात की नंतरच्या वर्षांत आजाराने गेलेले धरले तर १५-२० हजारांच्या पुढे जातो. २००६ मधल्या सरकारी प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांचा आकडा होता ५,५८,१२५. म्हणजे जखमी मोजले शेवटच्या पाचापर्यंत आणि मेले किती ते अजून ठरत नाहीये. कारण कित्येकांची पूर्ण घरंच गेली, सांगायला कुणी उरलं नाही, सामुदायिक दफन झालं, एका चितेवर अनेक गेले. अशा लोकांसाठीच तर स्मृतिदिन लागतो ना? ज्याच्या घरी भिंतीवर फोटो आहे त्याची आठवण घरातले काढतील, ज्याचं घरच नाही त्याची कुणी काढायची?

कोर्टाचं थोडक्यात लिहितो, ते तुमच्या वाचकांना बऱ्यापैकी माहीत असेल. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड, बहुतेकांच्या हातात २५ हजार रुपये आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तेवढेच आणखी. युनियन कार्बाइडचा अमेरिकेतला प्रमुख वॉरन अँडरसन आला, ७ डिसेंबरला अटक झाली, त्याच दिवशी जामीन, आणि गेला तो परत कधी आला नाही, २०१४ मध्ये अमेरिकेतच वारला. जून २०१० मध्ये कंपनीच्या इथल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीन मिळाला. भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिका सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. झालं.

कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा भोपाळमधून हलला तो १ जानेवारी २०२५ च्या रात्री, १२ कंटेनरमधून, पीथमपूरला. तिथल्या लोकांनी साहजिकच गोंधळ केला की आमच्याकडे कशाला, आणि शेवटी जून संपता संपता तो जाळून झाला. चाळीस वर्षं! माझी अख्खी नोकरी झाली, रिटायर झालो, नात सहावीत गेली, तोवर कचरा तिथेच. कारखान्याच्या आसपासच्या जमिनीत आणि जमिनीखालच्या पाण्यात जे मुरलंय ते वेगळंच. त्यामुळे कुणी म्हणत असेल की जुन्या गोष्टी कशाला उगाळताय, तर ती गोष्ट अजून जुनी झालेलीच नाही.

आता नावाचा मुद्दा. काही लोक म्हणतील नावात काय आहे, प्रदूषणाविषयी जागृती होतेय ना, चांगलंच आहे. चांगलंच आहे, पण त्यासाठी ५ जून आहे की, जागतिक पर्यावरण दिन, त्या दिवशी काढा झाडं आणि पिशव्या. व्यापक नाव दिलं की काय होतं याचं एक उदाहरण आपल्याच माणसांचं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने उडवलं, ३२९ माणसं गेली, त्यातली बहुतेक भारतीय वंशाची कॅनडाची नागरिक होती. कॅनडाने २००५ मध्ये २३ जून हा राष्ट्रीय स्मृतिदिन केला, पण नाव ठेवलं दहशतवादाच्या बळींचा दिवस. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण कनिष्कच्या नातेवाईकांची वर्षानुवर्षं हीच खंत आहे की आमची माणसं तिथल्या लोकांना आठवतच नाहीत. मोठ्या छत्रीखाली सगळेच उभे केले की एकाचाही चेहरा दिसत नाही.

याच्या उलट दोन देश बघा. जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ ला कांतो भागात भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं गेली, टोकियो जळालं. त्यांनी १९६० मध्ये तोच दिवस आपत्ती प्रतिबंधाचा दिवस ठरवला. आता तुम्ही म्हणाल की हेही व्यापकच नाव झालं. झालं खरं, पण त्या दिवशी ते पोस्टर काढत बसत नाहीत, देशभर ड्रिल करतात, शाळा, ऑफिसं, पंतप्रधानसुद्धा कामगाराचा निळा युनिफॉर्म घालून त्यात असतात. मेक्सिकोचं तर ऐकून अंगावर काटा येतो. १९ सप्टेंबर १९८५ ला तिथे मोठा भूकंप झाला, हजारो गेले. तेव्हापासून त्या तारखेला सकाळी झेंडा अर्ध्यावर आणतात आणि मग भोंगा वाजवून लोकांना इमारतींच्या बाहेर काढायचा सराव करतात. २०१७ मध्ये १९ सप्टेंबरलाच सकाळी ११ ला असं ड्रिल झालं, लोक परत कामाला लागले, आणि दुपारी सव्वा वाजता खराखुरा भूकंप आला. सगळे वाचले असं अजिबात नाही, साडेतीनशेच्या वर माणसं गेली. पण बाहेर कसं पडायचं, कुठे उभं राहायचं हे दोन तासांपूर्वीच पायांनी करून बघितलेलं होतं. श्रद्धांजली वाहता वाहता पुढच्या वेळची तयारी होत होती, ते दोन्ही त्यांनी वेगळं ठेवलंच नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणायची एक पद्धत आहे, पण मला सांगा, यासाठी नवीन काही करावंच लागत नाही हो. भोपाळनंतर आपल्याकडे कायदे आले, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात बदल झाला की धोकादायक काम करणाऱ्या कारखान्याने कामगारांनाच नाही तर आजूबाजूला राहणाऱ्यांनाही धोक्याची माहिती द्यायची, आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन आणि साठवणीचे नियम आले. त्या नियमांत लिहिलंय की कारखान्याच्या आतल्या आपत्ती योजनेचं मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी, आणि बाहेरच्या म्हणजे वस्तीच्या योजनेची तालीम कॅलेंडर वर्षातून निदान एकदा. निदान एकदा! आतलं ड्रिल होतं, मी स्वतः शेकड्याने केली असतील, त्यातली निम्मी फोटोपुरती होती हेही कबूल करतो. ठरलेल्या वेळी भोंगा, ठरलेला माणूस स्ट्रेचरवर, तो हसतोय, मग चहा-बिस्किटं. पण बाहेरचं? मी राहतो तिथून एमआयडीसीचं कुंपण चालत दहा मिनिटांवर आहे, पंचवीस वर्षं राहतोय, आमच्या गल्लीत आजवर कुणी सांगायला आलं नाही की भोंगा तीनदा वाजला तर काय आणि एकदा वाजला तर काय. खाली मुलं क्रिकेट खेळतात, त्यांना कारखान्यातला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दिसतो, ते त्याला पतंगाची शेपटी म्हणतात. कागदावर तालीम झाली असेलही, मला माहीत नाही, पण ज्या तालमीची वस्तीला खबर नाही ती कसली तालीम?

आणि धोका काही भोपाळपुरता नव्हता. २०२० मध्ये विशाखापट्टणमला पहाटे कारखान्यातून स्टायरीन नावाचा विषारी वायू सुटला, लोक झोपेत होते, परत तेच. आपल्या डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये परत झाला. दर वेळी दोन दिवस चॅनेलवर चर्चा, कारखाने हलवा म्हणून घोषणा, मग पाऊस सुरू झाला की विषय संपला.

म्हणून माझी सूचना अशी की वर्षातून एकदा जी बाहेरची तालीम करायचीच आहे ती २ डिसेंबरच्या रात्री करा. रात्रीच करा, दिवसा नाही, कारण भोपाळ रात्री झालं आणि रात्रीच माणसं कमी असतात, साहेब घरी असतात. जिथे जिथे असे कारखाने आहेत तिथे आधी आठवडाभर घरोघरी सांगा, म्हणजे कुणी घाबरणार नाही, अफवा उठणार नाहीत. (अफवेचं सांगतो, १६ डिसेंबर १९८४ ला उरलेला एमआयसी वापरून संपवायला भोपाळचा कारखाना परत चालू केला तेव्हा सरकारने हेलिकॉप्टरने पाणी फवारलं, किती समजावलं, तरी त्याआधीच माणसं लाखोंनी शहर सोडून गेली. एकदा विश्वास गेला की गेला.) मग भोंगा वाजवा, लोकांना ओलं फडकं घेऊन वाऱ्याला आडवं चालत जायला सांगा, पाचशे पावलं. आणि तिथे जमलेल्यांना कुणीतरी दहा मिनिटं सांगा की हे आपण आज का करतोय. भोपाळचं नाव घ्या. बाकी भाषण नको, पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ तर अजिबात नको.

दोन मिनिटं शांततेच्या मी विरोधात नाही. ३० जानेवारीला ११ वाजता आम्ही प्लांटमध्ये उभे राहायचो, त्या दोन मिनिटांत मशीनचा आवाज एरवीपेक्षा मोठा वाटायचा, अजून कानात आहे. पण शांत उभं राहून काय आठवायचं हेच माहीत नसेल तर माणूस घड्याळ बघतो. शाळेतल्या मुलांचंही तेच. पोस्टर काढू दे की त्यांना, फक्त आधी अर्धा तास गोष्ट सांगा. मुलांना झेपणार नाही म्हणतात. माझ्या नातीला मी त्या दिवशी सगळी गोष्ट सांगितली, टाकी, पंप, भोंगा, माझी खोटी सही पण सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, "भोंगा का बंद केला?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे कारणं दिली मी, कामगारांचा अलार्म वेगळा, लोकांचा वेगळा, लोक घाबरू नयेत म्हणून असा नियम होता वगैरे, पण ती माझ्याकडे बघत राहिली. पोस्टर तिने तेच दिलं शाळेत, थर्मामीटरवालं, दुसरं काढायला वेळच नव्हता.

भोपाळमधल्या लोकांना अर्थात हे कुणी शिकवायला नको. तिथे ३ डिसेंबरला स्थानिक सुट्टी असते, प्रार्थना होते, मशाली निघतात. अब्दुल जब्बार २०१९ मध्ये जाईपर्यंत गॅसपीडित बायकांना घेऊन लढत होते, रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला दोघी अजून त्या मुलांसाठी काम करतात जी वायूनंतर जन्मली आणि तरी त्यातून सुटली नाहीत. कारखान्यासमोर आई आणि मुलाचा एक पुतळा आहे, एका डच शिल्पकार बाईने केलेला. म्हणजे आठवण तिथे आहेच, प्रश्न उरलेल्या देशाचा आहे, कारण दिवसाच्या नावापुढे 'राष्ट्रीय' आपण लावलंय, भोपाळने नाही लावलं.

सरकार माझं कितपत ऐकेल ते मला माहीत आहे. म्हणून शेवटची विनंती सरकारला नाही, तुम्हालाच. तुमच्या पेपरात रोज दिनविशेष येतं, मी रोज वाचतो, कुणाची जयंती, कुठला शोध, कुठली लढाई. २ डिसेंबरला त्यात गेली काही वर्षं नुसतं 'राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन' एवढंच छापून येतंय, मी कात्रणं ठेवलीत. पुढच्या वेळी त्याच्या शेजारी अजून एक ओळ टाका. जागा नसेल तर माझं हे सगळं पत्र छापू नका, पण ती ओळ छापा. मीच लिहून देतो:

१९८४ : भोपाळमधल्या कीटकनाशक कारखान्यातून मध्यरात्री विषारी वायू सुटला, हजारो माणसं झोपेत आणि पळता पळता मेली, आजचा दिवस त्यांच्यासाठी आहे.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट ऑपरेटर